तांदळातले खडे

भगताने निखाऱ्यांवर मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या आणि घरातली सगळी माणसं खोकायला लागली, मी सोडून. त्यावरून भगताने निकाल दिला की हिच्या अंगात कोणीतरी आहे. सासू खोकत खोकतच त्याच्या पाया पडली. माझा नवरा खोकत खोकत परसात पळाला. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून दारात दाटीने उभ्या होत्या. धूर सोसवत नव्हता, पण पुढचं बघितल्याशिवाय जाववतही नव्हतं. मी पाटावर बसले होते, केस मोकळे सोडलेले, पुढ्यात निखाऱ्यांचं घमेलं. पावसाळ्यात मला मुलगी झाली ती रडलीच नाही. तिला पुरलं तेव्हापासून मी तोंडातून शब्द काढला नव्हता. भात कापून झाला, झोडून झाला, पेंढ्याची उडवी रचून झाली, तरी मी बोलले नव्हते. पुढ्यात ताट आलं तर दोन घास खायचे, नाही आलं तर मागायचं नाही, असं चाललं होतं. अंग वाळत चाललं होतं आणि ही काही होळी बघत नाही, असं शेजारणी मला ऐकू येईल इतक्या हळू बोलत. भगताने चिंचेचा ओला फोक उचलला, तेवढ्यात माझी थोरली नणंद आत आली.

डोक्यावर तांदळाची पाटी, काखेत सूप. तिने भगताकडे बघितलं नाही, देवाकडेही बघितलं नाही. घमेलं पायाने बाजूला सारलं, पाटी माझ्यापुढे टेकवली आणि आपल्या आईला, म्हणजे माझ्या सासूला, म्हणाली, "आये, हिच्या अंगातलं काय असंल ते मागनं काढा. आधी माझं तांदूळ निवडून व्हायचं हाय. सांजच्याला माणसं हायत जेवायला."

"बाय, तू मधी येऊ नको," भगत म्हणाला. "हिच्यातलं निघंल आन तुला लागंल."

"लागू दे. दोन दिसांत तेच पाय धरंल, सोड म्हनून." नणंदेने नाक वर करून धुराचा वास घेतला. "मिरच्या कुनाच्या रं या? तिखटाचा पत्ता नाय. यानं भूत तर सोड, ढेकूनबी जायाचा नाय."

मिरच्या सासूच्या होत्या, घरच्या परसातल्या. मग मायलेकींची जी जुंपली ती मिरच्यांवरून निघाली आणि नणंदेच्या लग्नात कोणाला लुगडं हलकं नेसवलं तिथपर्यंत गेली. भगत थोडा वेळ फोक हातात धरून उभा राहिला. मग त्याने खाली बसून चहाची वाट बघितली. तोही येत नाही असं दिसल्यावर उठून गेला. नणंदेने भांडता भांडताच सूप माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "निवड गं." मी निवडायला लागले, कारण समोर खडे होते.

आमच्या कडाव गावात माणसांची डोकी ठिकाणावर ठेवायचं काम आमच्या या नणंदेने अंगावर घेतलं होतं. ते तिला कोणी दिलेलं नव्हतं, आणि तिच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी करून पाहिला होता. ताप आला तर लोक कर्जतला डॉक्टरकडे जात, विंचू चावला तर भगताकडे जात, पण मन बिघडलं तर कुठे जायची गरज नसे. नणंदच घरी येई. ती गावातच दिलेली होती, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे तिच्या हाकेच्या, आणि त्या अंतरात निम्मं गाव येत असे. उंच, हाडापेराने मोठी, लुगडं सदा गुडघ्यापर्यंत खोचलेलं. शाळेची पायरी चढली नव्हती, पण कोणी मास्तर जरा गप्प गप्प दिसला तर त्यालाही थांबवून जीभ दाखव म्हणायची. जिभेवरून मन कळतं असं तिचं मत होतं. ते कुठून आलं ते कोणाला माहीत नाही, आणि जीभ बघून तिला काय कळायचं तेही तिने कधी सांगितलं नाही. पण मास्तर जीभ दाखवायचा.

तिच्या सगळ्या शास्त्राचं मूळ तांदूळ निवडण्यात होतं. काळजी करायची ती तांदूळ निवडतानाच, एरवी नाही. एक खडा काढायचा, एक काळजी म्हणायची आणि दोन्ही अंगणात भिरकावायचे. "गुराला खुंटा असतो का नाय? मंग काळजीला नको?" असं तिचं म्हणणं. "मोकाट सोडली तर घरभर हिंडते, सयपाकात तोंड घालते, आन राती उशाशी येऊन रवंथ करते." मी एकदा विचारलं होतं, की वन्सं, काळज्या संपल्या आणि तांदूळ उरले तर काय करायचं? "तर दुसऱ्याच्या करायच्या," ती म्हणाली. त्यामुळे तिच्या ओटीवर रोज दुपारी सगळ्या गावाच्या काळज्या खड्यांबरोबर अंगणात पडत, आणि रस्त्याने जाणाऱ्याला आपल्या घरात काय चाललंय ते फुकटात कळत असे. हा नेम ती इतक्या कडकपणे पाळायची, की त्यांच्या पेंढ्याच्या उडवीला आग लागली आणि पुतण्या ओरडत आला, तेव्हा ती म्हणाली, "थांब, आधी सूप घेऊ दे." सूप मिळेना. ते सापडेपर्यंत अर्धी उडवी गेली. त्यानंतर तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भावोजींनी, सूप दाराशीच खिळ्याला टांगून ठेवलं. बायकोचा नेम बदलेल असं त्यांना वाटलं नाही, त्यांनी खिळा मारला. असा तो संसार होता.

रागाला तिचं वेगळं औषध होतं. राग आला की अंगण सारवायचं. आधीच सारवलेलं असलं तरी सारवायचं. शेणाचा गोळा आपटायचा, हाताने जोर काढायचा, आणि ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव घेऊन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जायचं. तिचं अंगण साऱ्या कडावात चांगलं होतं. त्यावर पेज सांडली तर चाटून घ्यावी इतकं. याचा अर्थ काय ते सगळ्यांना कळत होतं. भावोजी रस्त्याच्या वाकणावर आले की आधी अंगणाकडे बघत. अंगण कोरडं असेल तर घरी येत, ओलं दिसलं तर देवळात जाऊन बसत. भावोजींचं नाव देवभक्त म्हणून झालं होतं ते असं.

रडायचं असेल तर गोठ्यात. चुलीपाशी रडलेलं तिला चालत नसे, भाकरी खारट होते म्हणायची. माणसापाशीही रडू नये, कारण माणूस ते चार घरी सांगतो. हे ती स्वतः सांगायची, जिने आयुष्यभर सगळ्यांचं सगळीकडे सांगितलं. म्हैस ऐकते आणि कोणाला सांगत नाही. तिची एक म्हैस होती, शिंगं मागे वळलेली, तोंडावर कायम असा भाव की तुमचं सगळं खरं आहे. सुरुवातीला सुना जायच्या तिच्याकडे, मग शेजारणी जायला लागल्या, मग पलीकडच्या आळीतल्या. एकदा तर पोलीसपाटील शेपटीमागून डोळे पुसत बाहेर येताना दिसले. विचारलं तर गोचीड बघायला गेलो होतो म्हणाले. पुढे ती म्हैस कर्जतच्या एका दूधवाल्याला विकली. आठवड्याने तो दारात हजर. म्हैस पान्हा सोडत नाही, खाते पिते, पण आचळ कोरडं. नणंदेने त्याला नीट बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्यात कोन रडतं का?" दूधवाला म्हणाला, देवाच्या दयेने सगळं चांगलं आहे. "मंग कसं व्हायचं?" नणंद म्हणाली. "तिला सवय हाय हुंदक्याची." म्हैस परत आली. दूधवाल्याच्या घरी म्हणे तो हे सांगत परतल्यावर आठ दिवस हसत होते, म्हणजे त्यांचं मन तर सुधारलंच.

भावोजी खालापूरला कचेरीत शिपाई होते. आठवडाभर तिथेच खोली करून राहत आणि शनिवारी संध्याकाळी घरी येत. बारीक, मवाळ माणूस. आवाज असा की त्यांनी हाक मारली तर मांजरही आधी विचार करी, आपल्यालाच का. त्यांचा साहेब मात्र तोंडाचा फटकळ होता, आणि आठवडाभर ऐकून घेतलेलं सगळं भावोजी शनिवारी घरी घेऊन येत. पहिल्या एकदोन वर्षांतच नणंदेने त्यावर बंदी घातली. "कचेरी भायेर ठेवा," ती दारातूनच सांगायची. मग भावोजी तुळशीपाशी उभे राहायचे, छत्री काखेत धरून, आणि साहेब काय काय म्हणाला ते सगळं खालच्या आवाजात तुळशीला सांगायचे. सांगून झालं की नणंद पायावर पाणी घालायची आणि मग आत घ्यायची. बघणाऱ्याला वाटे जप चालू आहे. तीन तुळशी जळल्या. नणंद म्हणायची, बघा केवढं जहर होतं त्या सायबाचं, तुमच्या पोटात गेलं असतं. मला विचाराल तर त्यांच्या अंगणात शेणपाणीच फार व्हायचं.

पुढे तिला वाटलं की शनिवारपर्यंत थांबायचंच कशाला, तिकडच्या तिकडे उपाय करावा. तिने भावोजींना शिकवलं, की साहेब ओरडायला लागला की त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्या डोक्यावर भिंतीला पाल असेल तिच्याकडे बघायचं. पाल कशी निवांत असते बघा, ती ऐकते का? भावोजी आज्ञाधारक. साहेब ओरडायला लागला तसं त्यांनी पालीकडे बघितलं. पालीने नेमका तेव्हाच माशीवर झेप घातली, माशी उडाली आणि पाल साहेबाच्या फायलीवर पडली. भावोजी हसले. आयुष्यात ते कचेरीत एकदाच हसले आणि त्याबद्दल त्यांची बदली होता होता राहिली. नणंदेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पन हलकं वाटलं का नाय?" भावोजी विचार करून म्हणाले, "वाटलं." "मंग झालं तर."

तिचं सगळं बरोबरच असे असं मी म्हणणार नाही. निम्मं चूक असे. दाढ दुखणाऱ्याला तिने जांभळीच्या झाडाशी भांडायला लावलं आणि त्याचा गाल दुधीएवढा सुजला. ज्यांच्याकडे गेलं की मन विटतं अशा लोकांना ती आंबट माणसं म्हणायची आणि त्यांच्या घरून आलं की चूळ भरायची. त्या यादीत पहिलं नाव तिच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूचं, आणि आमच्या घरातून निघताना ती आमच्याच रांजणातलं पाणी घेऊन आमच्याच अंगणात चूळ भरायची. आता यावर सासूचं मन कसं राहायचं? पण सासूचाही एक उपाय होताच, ती लेक गेली की चूल पेटवून मीठ-मोहरी टाकायची. दोघीही ठणठणीत होत्या.

पळसदरीला तिची लेक दिलेली होती. तिथे धरणाच्या बाजूला मुंबईच्या कोणाचा बंगला होता आणि तिथे शहरातली माणसं मन शांत करायला येऊन राहत. लेक तिथे स्वयंपाकाला जायची. नणंद एकदा लेकीकडे गेली असता, मन शांत करायला मुंबईहून आगीनगाडीने यावं लागतं ही काय भानगड आहे ते बघायला गेली. तिलाही एका चटईवर बसवलं. शिकवणारे गृहस्थ भले होते, डोळे मिटा म्हणाले, विचार सोडून द्या म्हणाले. नणंदेने डोळे उघडून विचारलं, "सोडलं तर जातात कुठं? दुसऱ्याच्या शेतात शिरलं मंग?" ते म्हणाले, आजी, तुम्ही फक्त श्वासाकडे बघा. तिने बघितलं आणि तिथेच बसल्या बसल्या तिला झोप लागली, घोरायला लागली. गृहस्थ बाकीच्यांना म्हणाले, बघा, याला म्हणतात शांत होणं. ती गावात येऊन सांगत फिरली, की मी पहिल्याच दिवशी पास झाले. आठवडाभर ती रोज दुपारी ओटीवर श्वासाकडे बघत बसली. भात तीनदा करपला. मग तिने ते सोडलं. "चांगलं हाय," म्हणायची, "पन सयपाकीण ठेवायला लागते."

मी माझं सांगत होते. भगत गेला त्या दिवसापासून नणंद रोज दुपारी तांदळाची पाटी घेऊन आमच्याकडे यायची. सूप माझ्या मांडीवर, ती समोर भिंतीला टेकून. मला कसं आहे असं तिने एकदाही विचारलं नाही. बाकी सगळे विचारायचे. कसं वाटतं, बरं वाटतं का, बोल काहीतरी, देवाचं नाव घे, दुसरं होईल. ती तिच्याच काळज्या मोठ्याने करायची. तुळस, साहेब, लेकीची सासू, वांग्यावरची कीड. मी खडे काढायचे. कर्जतच्या डॉक्टरकडेही तिनेच मला नेलं, बैलगाडीत घालून. त्यांनी अंगात रक्त नाही म्हणून सांगितलं आणि लाल औषधाच्या बाटल्या दिल्या, त्या ती समोर बसून पाजायची. सासूने भगताचा दोरा दंडाला बांधला होता, तोही होताच. त्यामुळे कशाने गुण आला ते मला सांगता येत नाही. डॉक्टर, भगत आणि नणंद, तिघांनीही पुढे आपापल्याने आला म्हणून सांगितलं.

एवढं मात्र खरं, की तिच्या तांदळात खडे फार होते. आमच्या तांदळात नसायचे. शेताला शेत लागून, खळं एकच, तरी तिच्या पाटीत पसाभर खडे निघत. काढावे तेवढे दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी काढत राहायचे. आणि एका दुपारी, आंब्याला मोहर येऊन गेला होता तेव्हा, माझ्या तोंडून निघालं, "वन्सं, तुमच्या तांदळात खडं लय हायत."

सासूच्या हातातला तांब्या पडला. नणंद जागची हलली नाही. "मंग?" म्हणाली. "सोन्याचं पायजेत काय?"

"पाखडता येत नसंल तर सांगा," मी म्हणाले, "मी येईन पाखडायला."

"बघ गं आये," नणंद आईला म्हणाली, "तोंड उघडलं आन नावं ठेवायला लागली. आपल्या घरचीच हाय, भूत नाय." आणि ती गोठ्यात गेली. स्वतःच्या नाही, आमच्या. आमची म्हैस बिचारी गोंधळली असेल, तिला सवय नव्हती.

त्यानंतर मी रडले, भांडले, जेवले, सगळं रीतसर झालं. होळीही बघितली, शेजारणींच्या रांगेतच उभी राहून. पुढे कधीतरी मी नदीवर कपडे धुवायला गेले होते. खालच्या अंगाला नणंद पाण्यात वाकलेली दिसली. मला वाटलं चिंबोऱ्या धरते आहे. नीट बघितलं तर ती वाळूतले बारीक खडे वेचत होती, एकेक डोळ्याजवळ धरून. मोठा आला तर टाकून देई, हवा तसा मिळाला तर पदरात. वरच्या आळीतली एक सून त्या वर्षी माहेरचं माणूस गेल्यापासून आजारी होती. मी धुणं पिळलं आणि दुसऱ्या वाटेने घरी आले. तिला बोलले नाही. बोलून काय करायचं होतं?

वर्षं गेली. गिरणी झाली, आणि मग त्या गिरणीत खडे वेगळे करणारी चाळण आली. सगळ्या बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नणंद गिरणीवाल्याशी जाऊन भांडली, की तू गावाला येड लावायचा धंदा काढला आहेस, आता बायकांनी काळजी कुठे करायची? गिरणीवाला म्हणाला, "मावशे, रेडिओ ऐका." तिने तीन दिवस अंगण सारवलं. पण चाळण राहिली.

भावोजी निवृत्त होऊन घरी आले होते. आता कचेरी नव्हती, साहेब नव्हता, तरी शनिवारी संध्याकाळी ते सवयीने तुळशीपाशी जाऊन उभे राहत. सांगायला काही नसलं तर आज काय खाल्लं ते सांगत. एका दुपारी ते ओटीवर आडवे झाले आणि उठले नाहीत. नणंद समोरच बसली होती. तिला वाटलं झोपले आहेत, म्हणून ती हळू आवाजात काळज्या करत राहिली. चहाला उठवायला गेली तेव्हा कळलं.

ती रडली नाही. दिवस झाले, पाहुणे गेले, लेक आठ-पंधरा दिवस राहून पळसदरीला गेली. नणंद ओटीवर खांबाला टेकून बसून राहिली. अंगणाला भेगा पडल्या. सूप खिळ्याला टांगलेलं, त्यावर कोळ्याने जाळं केलं. गोठ्याकडे ती फिरकली नाही. घरी असलेल्या तिच्या मुलाने डॉक्टर आणला, त्यांनी तपासून शरीरात काही नाही म्हणून सांगितलं, खायला घाला म्हणाले. पण ती खाईना. दोन घोट पेज, तीही मुलाने दटावलं तर. तिचे ते मोठे हात काटक्यांसारखे दिसायला लागले. पावसाळा काढत नाही, असं आता तिच्याबद्दल लोक म्हणायला लागले, तिला ऐकू येईल इतक्या हळू.

मग सगळं गाव तिला शहाणं करायला आलं. तिने इतकी वर्षं वाटलेलं तेच सगळं परत घेऊन आलं. एक म्हणाली, गोठ्यात जाऊन रडा. दुसरी म्हणाली, अंगण सारवून घ्या, बरं वाटेल. पोलीसपाटलांनी म्हशीचे गुण सांगितले. मास्तरांनी जीभ दाखवा म्हणून सांगितलं. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "येवढं सगळं मी बोलायची? डोकं उठवलं आसंल गं मी लोकांचं." त्यात खोटं काही नव्हतं. मग एक दिवस तो भगत आला, आता म्हातारा झालेला, काठी टेकत. बसला, जुनं काही बोलला, आणि तिला हसवायला म्हणून म्हणाला, "बाय, मिरच्या आनू का? आता चांगल्या तिखट मिळतात."

नणंद हसली नाही. त्याच्या पलीकडे तुळशीकडे बघत राहिली. तेव्हा मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी मी नदीवर गेले. गुडघे तेव्हाच बोंब मारायला लागले होते, पाण्यात वाकायचं म्हणजे शिक्षा. मिळाले तसे खडे वेचले, घरी वाळवले, गिरणीच्या स्वच्छ तांदळात कालवले आणि पाटी घेऊन तिच्या ओटीवर गेले. खिळ्यावरचं सूप काढलं, जाळं पुसलं, तिच्या मांडीवर ठेवलं.

"वन्सं, एवढं निवडून द्या. सांजच्याला माणसं हायत जेवायला."

"गिरनीचं हाय ना?" ती म्हणाली. "त्यात काय निवडायचं?"

"बघा तरी."

तिने हात फिरवला. बोटांना खडा लागला तशी थांबली. उचलला, डोळ्याजवळ नेला, अंगठ्याने चोळला.

"हा नदीतला हाय."

"असंल."

"गिरनीच्या तांदळात नदीतला खडा कसा आला?"

"तुमच्या तांदळात तवा आला व्हता तसाच," मी म्हणाले. "नदीवर कपडं मीबी धुते, वन्सं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली सुपाकडे बघितलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या, कितीतरी दिवसांनी.

"येवढं मोठं कोन घालतं गं? दात जाईल कुनाचा तरी. मसुरीयेवढं बघून वेचायचं असतात."

"तुमच्यासारखी नजर नाय माझी."

"ती कुनालाच नाय," ती म्हणाली आणि खडा अंगणात भिरकावला. मग दुसरा उचलला. तो हातातच धरून बसली. "चा लागायचा त्यांना," म्हणाली, "झोपेतनं उठलं की लगी." आणि तोही टाकला. मी भिंतीला टेकून बसले आणि माझ्या काळज्या करायला लागले, मोठ्याने. गुडघे, सुनेचा स्वयंपाक, भेंडीवरची कीड. तिला काही विचारलं नाही. पाटी अर्धी झाली तेव्हा ती उठली, खांबाला धरून पायऱ्या उतरली आणि गोठ्यात गेली. त्या म्हशीची रेडी आता तिथे होती, आईसारखीच शिंगं मागे वळलेली. पुष्कळ वेळ ती बाहेर आली नाही. मी तिचे उरलेले तांदूळ निवडून टाकले.

असं बरेच दिवस चाललं. मी खडे आणायचे, ती खड्यांना नावं ठेवायची. मग एका सकाळी मी तिच्याकडे निघाले तर वाकणावरूनच तिचं अंगण ओलं दिसलं. रस्त्याने जाणारी माणसं ते बघून थबकत होती आणि सवयीने पलीकडच्या बाजूने जात होती. फक्त देवळात जाऊन बसायला कोणी उरलं नव्हतं.

माझी मुलगी गेली, भावोजी गेले. नणंद त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. मी अजून आहे.